हलक्या गाडीची जड गोष्ट

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा दोन दिवस मला हाताळायलाच मिळाला नाही. केकचं सामान मोजायला घेतलेला तो छोटा काटा. त्यावर नट, बोल्ट, बिजागऱ्या आणि पत्र्याचे तुकडे मांडलेले. समोर आमची भाची वही घेऊन बसलेली. ती पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या पंचवीस-तीस मुलामुलींनी मिळून स्पर्धेसाठी एक छोटी रेसची गाडी बनवायला घेतली आहे आणि वजन कमी करायचं खातं हिच्याकडे आलं आहे. सुट्टीला इंदुरीला आली ती हे सगळं पिशवीत भरूनच!

आमचं इंदुरी म्हणजे तळेगाव-चाकण रस्त्यावरचं गाव. एका अंगाला इंद्रायणी, दाभाड्यांचा जुना किल्ला, आणि दारावरून दिवसरात्र कारखान्यांची वाहतूक. नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रक रोज बघतो आपण. पण एखादी गाडी घरी बनवता येते, आणि तिच्यातला एकेक तुकडा धान्य निवडावा तसा निवडावा लागतो, हे मला माहीतच नव्हतं. मी तिला सहज विचारलं, की अगं, चाळीस ग्रॅम वाचवून काय होणार? तर म्हणाली, मावशी, तू कॉलिन चॅपमनबद्दल वाच, मग कळेल. जाताना एक जाडजूड पुस्तक ठेवून गेली. दुपारच्या वेळात मी ते वाचून काढलं. गाड्यांचं मला फारसं कळत नाही, पण हा माणूस मनात घर करून बसला. आणि त्याच्यापेक्षाही जास्त त्याची बायको, हेझल.

कॉलिन चॅपमनचा जन्म 19 मे 1928 चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील स्टॅनली लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे स्टेशनाशेजारी एक हॉटेल चालवायचे. मुलगा हुशार, बोलका आणि उलाढाल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकायला गेला. म्हणजे पूल, छपरं, इमारती यांचं शास्त्र. तिथेच विमान चालवायलाही शिकला. शिकता शिकता मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदी-विक्री सुरू केली. धंदा बरा चालला होता, पण 1947 च्या अखेरीस सरकारने खासगी गाड्यांचं पेट्रोल बंद केलं आणि जुन्या गाड्यांना कोणी विचारेना. कमावलेलं सगळं गेलं. हातात उरली एक न विकलेली जुनी ऑस्टिन सेव्हन.

दुसऱ्या कोणी ती भंगारात घातली असती. कॉलिनने 1948 मध्ये तिचं जुनं धूड उतरवलं आणि विमानात वापरतात तसे प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचे तक्ते घेऊन नवं, हलकं अंग तिला चढवलं. हे काम झालं कुठे? हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. दोघांची ओळख एका नाचाच्या कार्यक्रमात झाली होती. पुढे बाकीची पोरं सिनेमाला जायची, तर ही दोघं संध्याकाळी गॅरेजमध्ये! हेझल नुसती बघत उभी राहिली नाही, तिने कामाला हात लावला. गाडी तयार झाली आणि तिला नाव मिळालं लोटस. म्हणजे आपलं कमळ! हे नाव का ठेवलं, ते कॉलिनने कधीच उघड केलं नाही. हेझलला तो लाडाने कमळकळी म्हणायचा, त्यावरून ठेवलं असावं, असं मात्र लोक सांगतात.

साधारण त्याच दिवसांत आपल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ मीरा नावाची छोटी गाडी घडवत होते. पहिलं रूप 1949 चं. पुढे कित्येक वर्षं ते तिची नवनवी रूपं करत राहिले, पण मोठा कारखाना काही उभा राहिला नाही. ते वाचून हळहळ वाटते. गुण असून भागत नाही, वेळेला कोणाचा तरी हात पाठीशी लागतो. कॉलिनला तो मिळाला.

कॉलेजची पदवी त्याला गणिताच्या एका पेपरामुळे वर्षभर उशिरा मिळाली. थोडे दिवस हवाई दलात काढून तो ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरीला लागला. बांधकामात लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम कसं वापरता येईल, हे लोकांना पटवून द्यायचं काम. म्हणजे दिवसा हलक्या धातूची नोकरी आणि रात्री हलक्या गाडीचा नाद! अखेर 1952 साली त्याने लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. जागा, वडिलांच्या हॉटेलामागचे जुने तबेले. आणि भांडवल? 25 पौंड. ते हेझलने दिले होते.

मैत्रिणींनो, इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. आपल्याकडे नाही का, तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या पैशांवर कितीतरी दुकानं, गिरण्या, रिक्षा उभ्या राहिल्या! पाटीवर नाव मात्र दुसऱ्याचंच असतं. हेझल तरी कंपनीत भागीदार होती, पुढे संचालकही झाली. ऑक्टोबर 1954 मध्ये दोघांचं लग्न झालं. दोन मुली, एक मुलगा. घर सांभाळून कंपनीच्या कामात ती पहिल्यापासून होती.

आता तो चाळीस ग्रॅमचा प्रश्न. चॅपमनचा हिशेब असा, की इंजिन मोठं केलं तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात जाईल. पण वजन कमी केलं, तर ती लवकर वेग घेईल, लवकर थांबेल, वळणावरही चपळ राहील आणि टायर कमी झिजतील. शिवाय एकातून एक फायदा निघतो. अंग हलकं, म्हणून इंजिन लहान चालतं. इंजिन लहान, म्हणून त्याला धरणारा सांगाडा हलका चालतो. वजन कमी, म्हणून ब्रेक आणि चाकंही हलकी चालतात. आपण नाही का, प्रवासाला एक जड बॅग कमी केली की हमाल वाचतो, मग रिक्षाही लहान चालते, तसंच.

हलकं करायचं म्हणजे नुसता पातळ पत्रा लावायचा, असं मात्र नाही. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण त्याचा ताठपणाही तेवढाच कमी. नुसता धातू बदलला तर गाडी लगदा होईल. म्हणून चॅपमनचा पहिला प्रश्न असे, की हा तुकडा मुळात हवाच आहे का? नसला तरी चालत असेल तर काढा. जो तुकडा गाडीत नाही, त्याला वजन नाही, किंमत नाही आणि तो मोडतही नाही. दुसरा प्रश्न, एकाच तुकड्याकडून दोन कामं करून घेता येतील का? आणि तिसरा, ताकद नेमकी कुठे लागते? तिथेच धातू ठेवा, बाकीचा काढा. पूल आणि छपरं शिकलेला माणूस तो. आपल्या छपराच्या कैच्या बघा. बारीक लाकडं त्रिकोणात जोडलेली, पण वरचं सगळं ओझं पेलतात. त्याने 1952 च्या मार्क सिक्स या गाडीला अगदी तसाच बारीक नळ्यांचा सांगाडा केला. त्या उघड्या सांगाड्याचं वजन जेमतेम 25 किलो. घाऊक बाजारातल्या गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं!

ही गाडी आणि तिच्यानंतर 1957 साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत मिळायची. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर जबर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. लोक भाग घरी आणून अंगणात, गॅरेजमध्ये स्वतः गाडी जोडायचे. जोडणीची माहिती सोबत दिली तर कर लागेल, म्हणून गाडी सुटी कशी करायची याची माहिती द्यायचे आणि लोक ती उलटीकडून वाचायचे, असा एक किस्सा सांगतात. साध्या नोकरदाराला परवडेल अशी स्पोर्ट्स कार त्याने घरोघरी पोचवली, हे त्याचं मोठंच काम. या सेव्हनचं वजन पाचशे किलोच्या आत होतं. आपली जुनी मारुती 800 सुद्धा साधारण साडेसहाशे किलोची होती, म्हणजे अंदाज येईल.

एकाच तुकड्याकडून दोन कामं, हे सूत्र त्याने पुढे फार लांब नेलं. 1957 च्या एलीट गाडीचं सगळं अंगच फायबरग्लासचं केलं. आत वेगळा सांगाडा नाही, अंड्याच्या कवचासारखं अंगच भार पेलणार. दिसायला देखणी, पण प्रत्येक एलीट विकताना कंपनीला तोटा व्हायचा. 1962 च्या लोटस 25 या रेसच्या गाडीत त्याने नळ्या काढून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा टबासारखा सांगाडा केला. पूर्वीपेक्षा हलका आणि तरी जास्त ताठ. ड्रायव्हर त्यात जवळजवळ आडवा झोपून गाडी चालवायचा. जिम क्लार्क या स्कॉटलंडच्या शेतकरी घरातल्या शांत मुलाने 1963 मध्ये या गाडीवर दहापैकी सात शर्यती जिंकून जगज्जेतेपद घेतलं. 1965 मध्ये पुन्हा. त्याच वर्षी अमेरिकेतली इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यतही जिंकली, तिथे मागे इंजिन असलेली गाडी पहिल्यांदाच जिंकली होती. लोटस पहिली आली की चॅपमन आपली काळी टोपी हवेत भिरकावायचा. लोक त्या टोपीची वाट बघायचे.

इथपर्यंत वाचताना मला वाटलं, किती छान गोष्ट! गॅरेज, प्रेम, 25 पौंड आणि जगज्जेतेपद. पण मैत्रिणींनो, या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लोटसच्या गाड्या वेगवान, तशाच नाजूक, असं रेसिंगच्या जगात उघड बोललं जायचं. बेल्जियममध्ये 1960 साली सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाकच निघून गेलं आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. 7 एप्रिल 1968 ला जर्मनीत हॉकेनहाइमला जिम क्लार्कची गाडी झाडांवर आदळली आणि तो जागीच गेला. वय 32. त्या अपघाताचं कारण बहुधा टायर असावा असं मानतात, म्हणजे तिथे नाजूकपणाला दोष देता येत नाही. पण चॅपमनचा जिवलग गेला. तो पार कोलमडला.

मग आला योखेन रिंट. 1969 साली स्पेनच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे मागचे उंच पंख मोडले आणि दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी आदळल्या. रिंट त्यात जखमी झाला. त्यानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहिलं. सांगणं असं, की आपल्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की थोडं वजन वाढलं तरी आपण मागे पडणार नाही. तेवढं वजन सर्वांत दुबळे भाग मजबूत करायला वापरा. किती साधी मागणी! पुढच्या वर्षी नव्या लोटस 72 गाडीत ब्रेक चाकांपासून काढून आत, गाडीच्या अंगाजवळ बसवले होते. कल्पना हुशारीची होती, कारण चाकांवरचं ओझं त्यामुळे कमी झालं. पण ब्रेक आणि चाक यांना जोडणारा दांडा आता सगळा ताण घेत होता, आणि वजन वाचवायला तो आतून पोकळ केला होता. ऑगस्ट 1970 मध्ये ऑस्ट्रियात जॉन माइल्स या दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीचा असा दांडा तुटला. तो सुदैवाने वाचला. तीनच आठवड्यांनी, 5 सप्टेंबरला, इटलीत मोंझाला सरावात रिंटच्या गाडीचा पुढचा उजवा ब्रेकचा दांडा तुटला. गाडी डावीकडे खेचली गेली आणि कुंपणावर आदळली. रिंट गेला. वय 28.

त्या दिवशी त्याने पट्ट्याचे खालचे बंद बांधले नव्हते. रस्त्याकडेचं कुंपणही नीट बसवलेलं नव्हतं. पुढे इटलीत खटला चालला, त्यात चॅपमन निर्दोष सुटला. पण दांडा तुटला होता, हेही खरंच. त्या वर्षी रिंटने आधीच पाच शर्यती जिंकून इतके गुण मिळवले होते की मागून कोणी त्याला गाठू शकलं नाही. मरणानंतर फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव. ती ट्रॉफी त्याची पत्नी नीना हिच्या हाती दिली गेली. पदरात लहानशी मुलगी होती. त्या ट्रॉफीचं वजन तिला किती वाटलं असेल, हे कुठल्या काट्यावर मोजायचं?

चॅपमन थांबला नाही. 1972 मध्ये फिटिपाल्डी, 1978 मध्ये आंद्रेटी असे लोटसचे आणखी जगज्जेते झाले. गाडीखालून वाहणाऱ्या हवेचाच उपयोग करून गाडी रस्त्याला घट्ट धरून ठेवायची, ही त्याची नंतरची करामत. एकूण सहा वेळा ड्रायव्हरचं आणि सात वेळा संघाचं जगज्जेतेपद लोटसला मिळालं. 16 डिसेंबर 1982 ला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, अवघ्या 54 व्या वर्षी. शेवटच्या काळात डिलोरियन या मोटार कंपनीच्या पैशांच्या भानगडीत त्याचं नाव अडकलं होतं. तो गेल्यावर कंपनीचा पैसे सांभाळणारा माणूस तुरुंगातही गेला. मोठ्या माणसाचा हा डाग झाकायचं कारण नाही.

हेझल मात्र पुढे चाळीस वर्षांच्या आसपास जगली. 2021 च्या डिसेंबरमध्ये, 94 व्या वर्षी ती गेली. मुलगा क्लाइव्ह जुन्या रेसच्या लोटस गाड्या जपण्याचं काम करतो. पण आईवडिलांनी त्या गॅरेजमध्ये बनवलेली पहिली गाडी काही सापडत नाही. 1950 मध्ये ती विकली आणि मग तिचा पत्ताच लागला नाही. मुलाने लोकांना शोधायचं आवाहनही केलं होतं.

पुढच्या रविवारी भाची आली तेव्हा मी तिची वही मागून घेतली. दोन रकाने होते, जुनं वजन आणि नवं वजन. सीटची पट्टी, आरशाची दांडी, बॅटरीचा डबा, सगळ्यात ग्रॅम ग्रॅम वाचवलेले. त्यातच ब्रेकचं पेडल होतं. पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचं आणि वर भोकं पाडलेलं. मी तिला म्हटलं, बाई, मला इंजिनिअरिंग कळत नाही. पण स्वयंपाकघरात आम्हीसुद्धा पितळेच्या जड पातेल्यांऐवजी हलकी पातेली आणली. एकाच कढईत दोन पदार्थ करून भांडी कमी केली. पण कुकरच्या शिटीत आणि गॅसच्या नळीत आम्ही कधी काटकसर करत नाही. पातेलं चेपलं तर भाजी सांडेल. नळी फुटली तर घर जाईल.

ती जरा वेळ गप्प बसली. मग मला समजावून सांगायला लागली, की धातू एकदम तुटत नाही. पत्र्याची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवली की आधी बारीक तडा जातो, डोळ्यांना दिसतही नाही, आणि मग एके दिवशी ती मोडते. भोकाच्या कडेला किंवा साध्या ओरखड्यापाशी हा तडा सुरू होतो. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग, चाकाचा हब आणि सीटचा पट्टा, हे चार भाग वेगळे काढायचे. त्यांत आधी मजबुती, मग वजन. बाकी सगळीकडे खुशाल कात्री लावायची. हे सगळं तिला पुस्तकातून माहीत होतं. वहीत मात्र उतरलं नव्हतं, कारण वहीत वजनाचे रकाने होते, जिवाचा रकाना नव्हता.

तिने पेन काढलं आणि तिसरा रकाना आखला. हा भाग तुटला तर काय होईल, असं वर लिहिलं. पेडल परत पोलादाचं झालं. दोनशे ग्रॅमच्या वर वजन वाढलं. तिच्या टीममधले मुलगे कुरकुर करतील म्हणाली. मी म्हटलं, करू देत. गाडी चालवायला बसणार आहे ती कोणाची तरी लेक किंवा लेकच ना!

वजनकाटा आता पुन्हा माझ्या ओट्यावर आहे. त्याच्या काचेवर नटाचा एक ओरखडा पडला आहे. रोज पीठ मोजताना तो दिसतो, आणि 25 पौंड देणारी हेझल आणि ट्रॉफी घेणारी नीना, दोघीही आठवतात.